न फुटलेल्या गोळ्यांच्या मुलखात सहा दिवस

पहिला दिवस

लेक आइंडहोवनला राहते. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा हिची यादी तयार होती: ट्युलिपच्या बागा, पवनचक्क्या, पॅरिसचा मनोरा. माझ्या यादीत एकच नाव होतं, नव शापेल. "तिथं काय आहे?" हिने विचारलं. म्हटलं, महायुद्धाचं स्मारक आहे. "अहो, पस्तीस वर्षं दारूगोळ्यात काढलीत. निवृत्त झालात, आता तरी गोळे सोडा की."

मी एका सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होतो. राहायला खडकीला, त्यामुळे बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीच्या बिगुलावर आमची सकाळ व्हायची. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. अशा पाट्या आमच्याकडं बऱ्याच गावांत दिसतात. लहानपणी आम्ही त्या पाटीवर चेंडू मारायचो. शाळेत 'पहिल्या महायुद्धाची कारणे व परिणाम लिहा' हा प्रश्न हमखास यायचा. तात्कालिक कारण साराजेव्होचा खून, बाकी साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा. घडाघडा लिहायचो. पण त्या प्रश्नाचा आणि चावडीतल्या पाटीचा काही संबंध आहे, हे एकाही मास्तरांनी सांगितलं नाही.

सकाळी निघालो. गाडी जावईबापूंची, डबा हिचा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर "तिकडं काही मिळालं नाही तर" म्हणून दोन किलो चिवडा. बेल्जियमच्या हद्दीवर झोंडरआइगन नावाच्या खेड्याजवळ थांबलो. शेताच्या कडेला लाकडी खांब आणि त्यावर ताणलेल्या तारा, जुन्या कुंपणाची प्रतिकृती. १९१५ मध्ये जर्मनांनी बेल्जियम आणि हॉलंडच्या सीमेवर असं कुंपण उभारलं आणि त्यात २,००० व्होल्टचा प्रवाह सोडला. हॉलंड त्या युद्धात तटस्थ होतं. १९१४ च्या शरदात दहा लाखांच्या आसपास बेल्जियन लोक जीव मुठीत धरून इकडे आले होते, ती वाट अशी बंद केली. खेड्यापाड्यांत वीज अजून पोचलेली नव्हती. तारेला हात लावला की माणूस मरतो, हे बऱ्याच जणांना दुसरा माणूस मरताना बघूनच कळलं. शेकडो गेले. काही जण तळ काढलेलं लाकडी पिंप तारांमध्ये आडवं घालून त्यातून सरपटत पलीकडे जायचे. आमच्या गावात वीज आली तेव्हा पहिला दिवा ग्रामपंचायतीत लागला होता. इथं ती आधी कुंपणात आली.

संध्याकाळी बेल्जियममधल्या ईपरला पोचलो. गाव जुनंपुराणं दिसतं, पण बहुतेक सगळं युद्धानंतर पुन्हा बांधलेलं आहे. तेराव्या शतकातला कापडबाजाराचा भला मोठा हॉल तर पूर्ण व्हायला १९६७ साल उजाडलं. आठ वाजता मेनिन गेटखाली उभे राहिलो. ही कमान १९२७ ची. तिच्या भिंतींवर ५४,००० हून अधिक नावं आहेत आणि ही सगळी माणसं अशी, की ज्यांचं प्रेत सापडलं नाही किंवा ओळखता आलं नाही. रोज आठला वाहतूक थांबते आणि बिगुलवाले 'लास्ट पोस्ट', म्हणजे मेलेल्या सैनिकांना मानवंदनेची धून, वाजवतात. १९२८ पासून हा नेम आहे. मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मन आले तेवढी चार वर्षं खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला गाव सुटलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. वाजवणारे परंपरेने गावच्या अग्निशमन दलातले. शेजारी एक शाळकरी पोरगं पूर्ण वेळ चिप्स खात होतं. बिगुल सुरू झाला तसा त्याने तोंडातला घास तसाच धरून ठेवला. मला खडकीची सकाळ आठवली.

दुसरा दिवस

रात्रभर पाऊस. सकाळी तटबंदीवरून चक्कर मारली. तिथं भारतीय सैनिकांसाठी एक स्मारक आहे, वर अशोकस्तंभाचे सिंह. ऑक्टोबर १९१४ मध्ये आपले लोक थेट इथं आणून उभे केले. मार्सेलला उतरले तेव्हा अंगावर सुती खाकी होती. पुढे थंडी पडली आणि गरम कपडे उशिरा हाती आले. इथून जवळच होलेबेकला ३१ ऑक्टोबरला बलुच पलटणीचा खुदादाद खान एकटा मशीनगन चालवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला भारतीय सैनिक. हे सांगत होतो तेव्हा हिने गळ्यातला मफलर दोन वेढ्यांचा तीन केला आणि विचारलं, "सुती? या हवेत?"

तिथून लांगेमार्क. २२ एप्रिल १९१५ ला संध्याकाळी पाचच्या सुमाराला याच पट्ट्यात जर्मनांनी ५,७०० हून अधिक नळकांड्यांतून सुमारे १६८ टन क्लोरिन सोडला. पिवळट हिरवा ढग जमिनीलगत सरकत आला. क्लोरिन हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खंदकात उतरून बसायचा, म्हणजे जिथं माणसं लपली होती नेमकं तिथं. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदुस्थानातून आलेल्या लाहोर डिव्हिजनने इथं प्रतिहल्ला चढवला तेव्हा आपल्या जवानांकडे मुखवटे नव्हते. ओला रुमाल नाकाला लावायचा, तोही पाणी असलं तर पाण्याने.

या गॅसमागचा माणूस फ्रिट्झ हाबर. त्याच्याबद्दल मी कारखान्यात असतानाच वाचलं होतं, कारण स्फोटकांचा इतिहास त्याच्याशिवाय पुरा होत नाही. तोफेच्या दारूला नायट्रेट लागतं. ते तेव्हा चिलीच्या वाळवंटातून जहाजाने यायचं. ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला तेव्हा जर्मनीची दारू काही महिन्यांत संपायला हवी होती. पण हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत शोधली होती आणि १९१३ पासून ओपाऊच्या कारखान्यात तो निघायलाही लागला होता. त्या अमोनियापासून नायट्रेट, नायट्रेटपासून दारू. युद्ध चार वर्षं चाललं त्याचं एक मोठं कारण ते. शाळेच्या उत्तरात ते आम्ही कधी लिहिलं नाही. आज आमच्या उसाला जो युरिया पडतो तो याच रीतीच्या अमोनियातून येतो. हाबरची बायको क्लारा स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट झालेली. गॅस सोडल्याला दहा दिवस झाले तेव्हा तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःवर गोळी झाडली. पुढे नवऱ्याला १९१८ चं नोबेल मिळालं. अमोनियासाठी.

लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीत ४४,००० हून अधिक माणसं आहेत. काळपट सपाट दगड, वर ओकची झाडं, सगळीकडे ओल. ब्रिटिशांच्या टाइन कॉटला पांढऱ्या दगडांची शिस्तीत रांग आणि मध्ये गुलाब. जवळजवळ १२,००० कबरी, त्यातल्या ८,३०० हून जास्त बिननावाच्या. हरलेल्याला सावली आणि जिंकलेल्याला फुलं अशी वाटणी असावी बहुतेक.

दिवसातली खरी गोष्ट मात्र पूलकापेलाच्या रस्त्यावर झाली. बटाट्यासाठी शेतं तयार करायचे दिवस. एका विजेच्या खांबाच्या बुडाशी कुणीतरी गंजलेला लांबट धोंडा उभा करून ठेवलेला दिसला. जावईबापूंनी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं आणि मोबाइल काढून निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "गाडीत बसा आधी!"

तो तोफेचा गोळा होता. इकडे नांगराला दर वर्षी असे गोळे लागतात. शेतकरी ते बांधावर नाही तर खांबाशी ठेवून कळवतात आणि बेल्जियन लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. वर्षाला शंभर टनांच्या वर माल निघतो. शंभर वर्षं उलटून गेली तरी. पथकाचा तळ याच पूलकापेलाला आहे.

मी काच खाली करून मोबाइल झूम केला. गोळ्याच्या बुडाजवळ तांब्याची पट्टी असते, आम्ही तिला ड्रायव्हिंग बँड म्हणतो. गोळा तोफेतून सुटताना नळीतल्या आट्यांच्या तिरप्या खाचा तिच्यावर उमटतात. या पट्टीवर त्या स्पष्ट होत्या. म्हणजे हा कुणाच्या गाडीतून पडलेला नाही. हा उडाला, आला, आपटला आणि फुटला नाही. एक तर फ्यूज, म्हणजे आपटल्यावर गोळा फोडणारी कळ, खराब किंवा चिखल इतका मऊ, की फ्यूजला ठोका बसलाच नाही. इथल्या चिखलाला पुन्हा कारण गोळेच. खाली पाणी न मुरणारी चिकणमाती, तिच्यावर पाणी वाहून न्यायला शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खणलेले चर. १९१७ च्या पासेंडेलच्या लढाईआधी ब्रिटिशांनी चाळीस लाखांहून अधिक गोळे टाकले. चर फुटले, वर पाऊस लागला आणि माणसं, घोडी, खेचरं त्यात बुडून मेली. भाताच्या खाचरात पाय रुतला तर आपण हसतो. इथं फळ्यांच्या वाटेवरून पाय घसरला की संपलं.

नात मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, हा तुमच्याकडे आला असता तर फेल झाला असता का?"

विचार केला. गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, बसला असता. वजन बरोबर भरलं असतं. फ्यूज आतून कसा आहे ते गेजला कळत नाही. त्यासाठी लॉटमधले थोडे नग प्रूफला पाठवून प्रत्यक्ष फोडून बघतात आणि बाकीचे विश्वासावर जातात. "पास झाला असता," मी सांगितलं. नातीला ते उत्तर आवडलं नाही.

तिसरा दिवस

नव शापेल. फ्रान्सच्या हद्दीत, ईपरपासून तासाभराचा रस्ता. चौकात गोल भिंतीचं आवार, मधोमध पंधरा मीटर उंच स्तंभ, माथ्यावर कमळ, दोन बाजूंना दगडी वाघ. भिंतीच्या जाळ्या पाहून हिला एकदम आपल्याकडचं काही आठवलं. नकाशा हर्बर्ट बेकर या ब्रिटिश वास्तुविशारदाचा, नवी दिल्लीच्या सचिवालयाच्या इमारतीही त्याच्याच. अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ ला. भिंतीवर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं. आमच्याशिवाय आवारात फक्त गवत कापणारा एक माळी होता. आम्हाला बघून त्याने यंत्र बंद केलं.

खरं तर इथं मराठी नावं सापडतील अशी आशा मी धरली नव्हती. आमच्याकडच्या मराठा पलटणी गेल्या मेसोपोटेमियात. कूटच्या वेढ्यात उपासमारीने घोडी खाल्ली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आल्यावर कैदेत मेले. चावडीच्या पाटीतले बहुतेक तिकडचेच असणार. पण फ्रान्सला सॅपर्स आले होते. आमच्या खडकीचे. विसावी आणि एकविसावी कंपनी.

या गावाची प्रसिद्ध लढाई मार्च १९१५ ची, पण सॅपर्सची त्याआधीची. २६-२७ ऑक्टोबर १९१४ ला जर्मनांनी हे गाव घेतलं. २८ तारखेला ४७ वी शीख पलटण आणि सॅपर्सच्या या दोन कंपन्या ते परत घ्यायला पाठवल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, रस्ता काढणारा हुन्नरी माणूस. त्याला संगीन लावून पायदळासारखा पळवला. ते गावात घुसले, घराघरांत झुंजले आणि पाठीमागून कुमक आली नाही म्हणून मागे हटले. कंपन्यांचे ब्रिटिश अधिकारी एक तर मेले किंवा जखमी झाले. कसबी माणसांची ही अशी उधळपट्टी मला आजही समजत नाही. कारखान्यात चांगला टर्नर झाडू मारायला लावला तर युनियनवाले गेटवर बसतात.

सॅपर्स आणि मायनर्सचा भाग शोधायला अर्धा तास लागला. चष्मा पावसाने भरत होता, लेक पुसून देत होती. मग नावं दिसायला लागली. रोमन अक्षरांत, स्पेलिंग साहेबी कानाने लिहिलेलं, बऱ्याचदा आडनावाशिवाय. पण वाचली की कळत होतं. काही अशी, की आमच्या आळीत उभं राहून हाक मारली तर आजही कुणीतरी 'ओ' देईल. ही पुढे झाली आणि पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली. मी नको म्हणणार होतो. भिंतीला लावू नकोस, एवढंच म्हटलं. तिने चिमूटभर पायाशी गवतात सोडलं.

१० मार्च १९१५ ची लढाई माझ्यासारख्याने मुळातून वाचावी अशी. विमानातून काढलेल्या फोटोंवरून खंदकांचे नकाशे केले, तीनशेच्या वर तोफा जमवल्या आणि ३५ मिनिटं मारा केला. हल्ल्याचा निम्मा भार भारतीय कोअरवर, म्हणजे फ्रान्सला आलेल्या भारतीय फौजेवर होता. पहिल्या तासांत गाव हाती आलं. मग संदेश पोचेनात, राखीव फौज उशिरा निघाली आणि गोळे संपत आले. गढवालचा गबर सिंग नेगी याच दिवशी पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तीन दिवसांत भारतीय कोअरची चार हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुढे मे महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत गोळ्यांच्या तुटवड्यावरून गदारोळ उठला, सरकार हललं आणि लॉइड जॉर्जच्या हाताखाली खास दारूगोळ्याचं मंत्रालय निघालं. बायका लाखांनी कारखान्यांत आल्या. टीएनटी भरता भरता त्यांची कातडी पिवळी पडायची, लोक त्यांना कॅनरी पक्षी म्हणायचे. तोवर सॅपर्स इथं खंदकात जॅमच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून हातबॉम्ब करत होते.

माळ्याने आम्ही बाहेर पडल्यावरच यंत्र पुन्हा सुरू केलं.

चौथा दिवस

सोम नदीचा मुलूख. तिएपवालची विटांची प्रचंड कमान, ७२,००० हून अधिक नावं. चौथ्या दिवशी आकडे डोक्यात शिरेनासे होतात. लॉकनागरचा खड्डा मात्र बघून पोटात कालवलं. १ जुलै १९१६ ला सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी जमिनीखाली भुयारात भरलेली सुमारे २७ टन दारू उडवली, तो हा खड्डा. आमच्या खडकीच्या मैदानात मावणार नाही एवढा रुंद नाही, पण काठावर उभं राहिलं की वाटतं, तळाशी माणूस असता तर बाहुलीएवढा दिसला असता.

त्या आधी सात दिवस ब्रिटिशांनी पंधरा लाखांहून अधिक गोळे टाकले होते. एवढ्या माऱ्यानंतर पलीकडे कुणी जिवंत नसेल असं सैनिकांना सांगितलं होतं. पण घाईघाईने उभारलेल्या कारखान्यांतून आलेल्या त्या मालात फ्यूज इतके खराब होते, की कितीतरी गोळे फुटलेच नाहीत. बराचसा माल श्रॅपनेलचा, म्हणजे छर्रे उधळणारा, त्याने काटेरी तारा धड तुटत नव्हत्या. जर्मन खोल तळघरांतून वर आले आणि मशीनगन लावल्या. एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यात मेलेले १९,२४०. पहिल्या वर्षी गोळे कमी पडले म्हणून माणसं मेली, दुसऱ्या वर्षी गोळे ढिगाने झाले आणि तपासणी कमी पडली. तपासणीवाल्याचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. बरंच आहे म्हणा.

रात्री हॉटेलात चिवडा संपला.

पाचवा दिवस

काँपिएन्यच्या जंगलातली मोकळी जागा. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचच्या सुमाराला इथं रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या, लढाई थांबायची वेळ ठरली अकरा. मधल्या सहा तासांतही माणसं मरत राहिली. २२ जून १९४० ला हिटलरने तोच डबा त्याच जागी ओढून आणवला आणि फ्रान्सची शरणागती घेतली. मूळ डबा युद्धात जळाला, आता आहे तो त्याच्याच बनावटीचा. दहा मिनिटांत बघून झालं.

परतीच्या वाटेवर पाऊस, सगळे पेंगत होते. मला आजी आठवत होती. ती कुठल्याही जुन्या गोष्टीचा काळ सांगताना म्हणायची, "मानमोडीच्या आधी" किंवा "मानमोडीच्या नंतर". मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, युद्धावरून माणसं आणणाऱ्या जहाजांमधून. पावसाळा सरताना तो गावोगाव पसरला. हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. युद्धात मेलेले भारतीय सैनिक धरले तर ७४,००० च्या आसपास. आजीचे दोन भाऊ आणि एक आत्या एकाच पंधरवड्यात गेली. चितेला लाकूड मिळेना, असं ती सांगायची. चावडीतल्या पाटीवर त्यांचा आकडा नाही.

आणि ज्या सरकारसाठी माणसं गेली त्याचं काय? त्याच जूनमध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद भरवली होती. टिळक स्वराज्याचं बोलायला लागले तसं त्याने अडवलं आणि टिळक उठून बाहेर पडले. पुढच्या वर्षी रौलट कायदा आला.

सहावा दिवस

हा दिवस यादीत नव्हता. घरी पोचल्यावर लेकीने सांगितलं, "बाबा, तुमचा कैसर इथंच राहायचा." खरंच की. १० नोव्हेंबर १९१८ ला कैसर, म्हणजे जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म, पळून हॉलंडमध्ये आला. दोस्तांनी त्याला खटल्यासाठी मागितलं, डच सरकारने दिला नाही. उट्रेख्टजवळ डोर्न नावाच्या गावी त्याने छोटेखानी वाडा घेतला आणि ४ जून १९४१ ला मरेपर्यंत तिथंच राहिला. वाड्याचं आता संग्रहालय झालं आहे.

गाईड एक वयस्क डच बाई. खोलीखोलीतून फिरवलं. चांदीची भांडी, तपकिरीच्या डब्या, गणवेशच गणवेश. लिहायच्या टेबलाशी खुर्चीऐवजी घोड्याचं खोगीर बसवलेलं. बसल्यावर लढाईचं बळ येत असावं. हा माणूस रोज बागेतली झाडं तोडून लाकडं फोडायचा, त्याचे हजारो बुंधे झाले.

त्या खोगिराकडे बघताना मला १ ऑगस्ट १९१४ ची गोष्ट आठवली. इंग्लंड कदाचित बाहेर राहील असा निरोप आला तेव्हा याने सेनापती मोल्टकेला सांगितलं, सगळी फौज पूर्वेला रशियाकडे वळवा, फ्रान्सवर जाऊ नका. मोल्टके म्हणाला, जमणार नाही. वर्षभर खपून केलेलं वेळापत्रक आहे, लाखो माणसं, हजारो गाड्या, एकदा सुटल्या की वळवता येत नाहीत. तीन दिवसांनी त्या गाड्यांतली माणसं बेल्जियममध्ये शिरली आणि त्या पायी इंग्लंड युद्धात उतरलं. आणि इंग्लंड उतरलं की सातारा आलाच. पाटीचा आणि प्रश्नाचा संबंध मला या खोलीत लागला, परीक्षा होऊन पन्नासएक वर्षं झाल्यावर.

शेवटी गाईडबाई म्हणाल्या, हे सगळं सामान बर्लिनच्या राजवाड्यांतून इथं आणायला रेल्वेचे ५९ डबे लागले.

लेकीने मराठीत सांगितल्यावर ही पहिल्यांदा बोलली. "एकोणसाठ डबे? आणि आपल्या पोरांना त्या हवेत सुती सदरे?"

म्हटलं, अगं, कपडे द्यायचं काम याचं नव्हतं, ते इंग्रजांचं. हा शत्रुपक्ष.

"कुणाचं का असेना," ही म्हणाली, "त्यांना विचार तरी."

गाईडबाई हसऱ्या चेहऱ्याने थांबल्या होत्या. लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली.